स्मार्ट मीटर लागलं आणि बिल अडीचपट झालं: आधी काय तपासायचं, मग कुठे भांडायचं

प्रश्न नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: मार्चमध्ये जुनं मीटर काढून स्मार्ट मीटर लावलं. घरी एसी नाही, दोन कूलर आहेत. फेब्रुवारीत १९० युनिट होते, मेच्या बिलात ३८० आले आणि रक्कम जवळपास अडीचपट झाली. शेजारी सगळे म्हणतात मीटर फास्ट आहे, काढून फेकायला लावा. खरंच फास्ट असतं का, आणि हे बिल भरायचं की नाही?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकी सगळं थांबू शकतं, बिलाची तारीख थांबत नाही. बिल भरणं सरळ बंद करू नका. 'कोणीच भरू नका' म्हणून सांगत फिरणाऱ्या वस्तीतल्या पुढाऱ्याचं स्वतःचं बिल बहुतेक वेळा भरलेलं असतं. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये यासाठी मधला रस्ता ठेवलेला आहे. बिलावर वाद असेल तर निषेध नोंदवून पैसे जमा करता येतात. मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरायची. एवढं भरलं की वाद निकाली लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमच्या सरासरीत हिवाळ्याचे महिने येतील, म्हणजे भरायची रक्कम बरीच खाली येईल. एरवीही थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. स्मार्ट मीटरची वीज ऑफिसात बसून बंद करता येते हे खरं, पण म्हणून नोटिशीचा नियम उठलेला नाही.

एक मात्र करा. ऑनलाइन गुपचूप अर्धी रक्कम टाकून मोकळे होऊ नका. आधी सब-डिव्हिजनच्या ऑफिसात अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, मगच पैसे भरा. शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता, असं उद्या कोणीही म्हणेल.

आता मीटरकडे येऊ. मी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे. महाल-इतवारीच्या वाड्यांपासून बेसा-मनीषनगरच्या फ्लॅट स्कीमपर्यंत वायरिंगची कामं केली आहेत, आणि 'मीटर पळून राहिलं भाऊ' हे वाक्य प्रत्येक उन्हाळ्यात ऐकतो. स्मार्ट मीटर यायच्या कितीतरी आधीपासून. २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे विभाग खासगी फ्रँचायझीकडे गेले, तेव्हाही हीच ओरड होती. २०१९ मध्ये ते परत महावितरणकडे आले, तरी ओरड थांबली नाही. आताही तीच आहे, फक्त मीटरवर सिमकार्ड आलं आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो, काहींना आवडणार नाही. नागपुरात घरोघरी जी इलेक्ट्रॉनिक मीटर होती, त्यांच्यात आणि स्मार्ट मीटरमध्ये वीज मोजण्याच्या बाबतीत सांगण्यासारखा फरक नाही. दोन्ही एकाच दर्जाची, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या आत चूक असावी अशा मानकाची. स्मार्ट मीटरमध्ये जास्तीचं असतं ते हे: मोजलेला आकडा रेडिओ किंवा मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारं यंत्र, आणि वीज तोडणारा-जोडणारा आतला स्विच. त्या सिमची वीज आपल्या बिलात चढते ही अफवाही मी अनेकदा ऐकली. मीटर स्वतः जी वीज घेतं ती कंपनीच्या बाजूची असते. खरा फरक पडायचा तो काळ्या चकतीच्या मीटरवरून इलेक्ट्रॉनिकवर येताना. ती चकती झिजली की मोबाइल चार्जर, राउटर, सेट-टॉप बॉक्स असल्या बारीक लोडला हलायचीच नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर तेही पकडतं. पण तुमच्याकडे आधीपासून इलेक्ट्रॉनिक होतं, त्यामुळे हे कारण तुम्हाला लागू नाही.

मग ३८० युनिट आले कुठून? तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: दोन कूलर.

नागपूरकराला एसीची भीती वाटते आणि कूलर त्याला घरातल्या माणसासारखा वाटतो, त्यामुळे कूलर काही 'खातो' हे तो मानायलाच तयार नसतो. आपल्याकडचा लोखंडी पत्र्याचा, मोठ्या पंख्याचा, वुडवूलच्या ताट्यांचा कूलर घ्या. मोटर आणि पाण्याचा पंप मिळून २०० ते २५० वॅट सहज घेतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की घरात म्हातारी माणसं असतील तर तो दिवसाचे अठरा तास चालतो. २५० वॅट गुणिले १८ तास म्हणजे साडेचार युनिट रोज. महिन्याला १३५. दोन कूलरचे २७०. हे फेब्रुवारीत शून्य होते. दुसरा कूलर तुम्ही फक्त रात्रीच लावत असाल असं धरलं, तरी १९० वरून ३८० ला पोचायला मीटरने लबाडी करायची गरज उरत नाही. त्यात फ्रिज उन्हाळ्यात जास्त वेळ चालतो आणि छताचे पंखे दिवसभर फिरतात. साधा जुना पंखा ७५ वॅटचा असतो. पंधरा तास चालला तर तो एकटाच महिन्याला तेहतीस-चौतीस युनिट घेतो. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा याच कामाला तेरा-चौदा युनिट घेतो. कूलर बदलण्याआधी पंखे बदला असं मी सांगतो, कारण पंखे बारा महिने चालतात.

आता रक्कम. युनिट दुप्पट झाले तर बिल दुप्पट व्हायला पाहिजे, अडीचपट का, हा तुमचा राग बरोबर आहे, पण त्याचं कारण मीटरमध्ये नसून दरपत्रकात आहे. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्याचा दर १ धरला तर वहन आकारासकट (तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) दुसऱ्याचा जवळपास १.९ आणि तिसऱ्याचा २.४ च्या आसपास पडतो. १९० युनिटांचा हिशेब करा: १०० अधिक ९० गुणिले १.९, म्हणजे २७१. ३८० युनिटांचा: १०० अधिक ३८० अधिक १९२, म्हणजे ६७२. भागून बघा, अडीचपटच येतं. वरून या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क आणि ज्या महिन्यात लागू असेल त्या महिन्यात इंधन समायोजन आकार. मीटर कोणतंही असो, ३०० ची रेघ ओलांडली की उन्हाळ्याचं बिल असंच अंगावर येतं. कोराडी-खापरखेड्याची राख आमच्या गच्चीवर पडते आणि कूलर लावल्याबद्दल श्रीमंतांच्या टप्प्यात आम्हीच बसतो, हे मला अन्यायाचं वाटतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नाही. मोर्चा काढायचाच असेल तर या टप्प्यांवर काढा. तो मुद्दा दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढच्या सुनावणीत टिकेल तरी.

तरीही मीटर आणि बिल तपासायचं नाही असं मी म्हणत नाही. तपासाच, फक्त क्रमाने.

पहिलं बिल. मार्चमध्ये मीटर बदललं तेव्हा जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग किती होतं? मीटर बदलताना जो अहवाल भरतात त्यावर हा आकडा असतो आणि त्यावर घरच्या माणसाची सही घेतलेली असते, किंवा घ्यायला पाहिजे. जुन्या मीटरचे उरलेले युनिट आणि नव्या मीटरचे युनिट यांची बेरीज त्या काळातल्या बिलात येते. गोंधळ होतो तो इथेच, आणि लोक तो नव्या मीटरच्या नावावर टाकतात. त्याआधी काही महिने तुमच्या बिलावर 'लॉक', 'फॉल्टी', 'आरएनए' किंवा 'इनअॅक्स' असा शेरा आलेला असेल, तर त्या महिन्यांत प्रत्यक्ष रीडिंग झालंच नव्हतं, सरासरीने बिल गेलं. सरासरी कमी धरली असेल तर राहिलेले युनिट एकदम पुढच्या बिलात उतरतात. ते युनिट तुम्हीच वापरलेले असतात, पण सगळे एका महिन्यात मोजले तर महागड्या टप्प्यात जातात. अशा वेळी ते जितक्या महिन्यांचे आहेत तितक्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा फायदा द्यायला हवा. तो दिला की नाही हे बिलात शोधा, सापडलं नाही तर विचारा. माझ्या अनुभवात खरा पैसा परत मिळतो तो बहुतेक याच मुद्द्यावर.

जुन्या रीडिंगचा फोटो नसेल तर मीटर बदली अहवालाची प्रत मागा. ज्यांचं मीटर अजून बदलायचं आहे त्यांनी हे वाचून लगेच एक काम करावं: माणूस शिडी लावायच्या आधी जुन्या मीटरचा क्रमांक आणि रीडिंग एकाच फोटोत घ्यावं, नव्याचंही तसंच. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरं घरचं वायरिंग. यासाठी मीटरवरचा तो लाल लुकलुकणारा दिवा कामाला येतो. घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, मेन चालू ठेवा. दिवा थांबला किंवा अगदी तुरळक लुकलुकला तर ठीक. भराभर लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी जात आहे: भिंतीत झिरपत असेल, नाहीतर गच्चीवरच्या टाकीच्या पंपाचं कनेक्शन तुमच्या लक्षात नसेल. आता मेन एमसीबी पाडा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर खरी गंमत आहे.

ही गंमत मी जुन्या वाड्यांत फार पाहिली. महालात एका वाड्याची भावाभावांत वाटणी झाली, मीटर वेगळे झाले, पण वायरिंग आजोबांच्या काळचं. जिन्यातल्या बोर्डात दोन्ही घरांचे न्यूट्रल एकत्र पिळून टेप लावलेली. जुनी मीटर फक्त फेजच्या तारेतला करंट मोजायची, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. आजची मीटर चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि ज्यात जास्त करंट आहे त्यावर युनिट लावतात. शेजाऱ्याच्या कूलरचा करंट परत जाताना तुमच्या न्यूट्रलमधून गेला की तो तुमच्या मीटरवर चढतो. धाकट्या भावाच्या घराला कुलूप, तो पुण्याला, आणि बिल येतं आहे. त्याला वाटायचं थोरला वीज चोरतो. थोरल्याला वाटायचं धाकटा उगाच आळ घेतो. भांडण कोर्टात जायच्या बेतात होतं. जिन्यातली टेप सोडली, न्यूट्रल वेगळे केले, संपलं. अशा वेळी बऱ्याच मीटरच्या डिस्प्लेवर 'ईएल' किंवा 'अर्थ' असं एखादं चिन्ह दिसतं. तुमच्या मीटरवर असं काही कायम दिसत असेल तर आधी चांगला परवानाधारक वायरमन बोलवा, तक्रार मागून करा. मीटरमध्ये दोष नसेल तर तक्रार फेटाळली जाईल, आणि वायरिंग तुमचंच असल्यामुळे ते सुधारून द्यायला कोणी येणार नाही. मेन पाडून बघण्यापुढे स्वतः काही उघडू नका. सील तर चुकूनही तोडू नका. त्यात कलम १३५ म्हणजे चोरीचं प्रकरण अंगावर येऊ शकतं.

तिसरी चाचणी घरच्या घरी मीटर बघण्याची. पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड घ्या. इस्त्री घेऊ नका, ती मध्येमध्ये आपोआप बंद होते. मीटरवर एका युनिटाला किती वेळा दिवा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच सिंगल फेज मीटरवर ३२०० असतो, तुमच्यावर वेगळा असू शकतो. बाकी सगळं बंद, फक्त रॉड बादलीत बुडवून चालू. ३२०० वाल्या मीटरवर मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवं. पण इथे एक मेख आहे आणि व्हिडिओ बनवणारे ती सांगत नाहीत. रॉडची वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. १००० वॅट हा आकडा २३० व्होल्टचा. संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्याचे कूलर चालू असताना व्होल्टेज २१० वर आलं तर तोच रॉड सव्वाआठशे-साडेआठशे वॅट घेतो आणि मिनिटाला ४४ वेळा लुकलुकतं. मध्यरात्री २४० असेल तर ५८. रॉड बनवतानाही थोडा फरक राहतो. म्हणून ४४ ते ५८ च्या मध्ये काहीही आलं तर मीटरवर आरोप करू नका. ८० आलं तर माझ्याकडे या, मी स्वतः तुमच्यासोबत ऑफिसात येतो. आणि कृपा करून रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून 'गरम झालं का' बघू नका.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर तुमच्या हातात एक चांगलं हत्यार आहे, आणि ते वापरणारे फार थोडे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केली, तर कंपनीने तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत दुसरं मीटर तपासणीसाठी जोडायचं आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहायचा. अर्जात नेमकं हेच मागा: तपासणी मीटर. 'मीटर फास्ट आहे, काढून घ्या' असं लिहिलं तर उत्तरात 'मीटर तपासले, योग्य आढळले' एवढी एक ओळ येते. मीटरची चाचणी वेगळी, ती शुल्क भरून होते, जागेवर ॲक्युचेक यंत्राने किंवा प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेत करायची असेल तर चाचणीच्या वेळी हजर राहण्याची मागणी लेखी करा. मीटर सदोष निघालं तर वाद उठला त्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचंच बिल दुरुस्त होतं. त्यामुळे शंका असेल तर दिवाळीपर्यंत थांबून उपयोग नाही.

स्मार्ट मीटरची एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या फायद्याची आहे आणि आंदोलनाच्या गर्दीत ती कोणी बोलत नाही. आधी महिन्याला एक आकडा मिळायचा, त्यावर वाद घालायचा कसा? आता ॲपमध्ये रोजचा आणि तासागणिक वापर दिसतो. तुमचं बिल आलं की त्या महिन्यातला एखादा लग्नाला गावी गेलेला दिवस शोधा. त्या दिवशी घर बंद होतं. फ्रिजचा एक-दीड युनिट सोडून त्या दिवशी सात-आठ युनिट दिसले, तर तुमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा आहे. बाकी दिवशी नेहमीइतके आणि गावी गेलेल्या दिवशी कमी दिसले, तर मीटर आपलं काम बरोबर करून राहिलं आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे आलेली निम्मी भांडणं या एका पानावर मिटतात.

आता जरा कंपनीला आणि सरकारलाही सुनावतो, नाहीतर म्हणाल कंत्राटदार कंपनीचा माणूस आहे. लोकांचा विश्वास गेला तो मीटरच्या आतल्या चिपमुळे गेलेला नाही. वीज वितरण सुधारण्याच्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत हे मीटर प्रीपेड म्हणून आले. विरोध झाला, मोर्चे निघाले, आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, जे याच शहराचे आहेत, सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं सांगितलं. लोकांनी ऐकलं ते 'स्मार्ट मीटर लावणार नाही'. पुढे तेच मीटर पोस्टपेड म्हणून, 'टीओडी मीटर' (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे वापर मोजणारं) या नावाने दारात आले. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नसेलही, पण घरी एकटी म्हातारी असताना माणूस येतो, 'मीटर बदलायचं आहे' एवढं सांगून जुनं काढून नेतो, कागद नाही, शेवटचं रीडिंग दाखवलं नाही, मग लोक संशय घेतील नाहीतर काय करतील? एका मीटरमागे देखभालीसकट सुमारे १२ हजार रुपये जातात, केंद्राचं अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपयांच्या आसपास. उरलेला पैसा शेवटी दरातूनच येणार, मग 'मीटर मोफत' असं का सांगता? मोफत म्हटलं की माणूस पाकीट तपासतो. आणि मीटर रीडिंग करून घर चालवणारी पोरं कुठे गेली, याबद्दल तर कोणी बोललंच नाही.

तुमच्या शेजाऱ्यांचा 'ऑफिसात बसून युनिट वाढवतात' हा आरोप मात्र मला पटत नाही. मीटरमधला एकूण युनिटचा आकडा बाहेरून पुढेमागे करता येईल अशी त्याची रचनाच नसते. बिल बनवणाऱ्या संगणकात चूक होऊ शकते, ती होतेही. ती पकडायला सोपा उपाय: बिलावरचं चालू रीडिंग आणि त्या तारखेच्या आसपासचं मीटरवरचं रीडिंग जुळतं का बघा. महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढायची सवय लावा.

टीओडीचं म्हणाल तर ते वाईट नाही, पण त्याचा ढोल जरा जास्त वाजवला गेला. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. तुमचे दोन कूलर दिवसा या आठ तासांत चार युनिट घेतात. महिन्याचे १२० युनिट, सवलत ९६ रुपये. वॉशिंग मशीन, इस्त्री, टाकीचा पंप दुपारी ढकलले तर अजून वीस-पंचवीस. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मुलं शाळेत, अशा घराला यातून काही मिळत नाही. बिलात ही सवलत वेगळ्या ओळीत दिसते का तेवढं बघून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण कूलरचा विषय निघाला म्हणून लिहितो, आणि ही बिलापेक्षा मोठी आहे. दर उन्हाळ्यात नागपूर आणि आसपासच्या गावांत कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओल्या फरशीवर उघडे पाय, आणि प्लगची तिसरी जाड पिन 'सॉकेटमध्ये जात नाही' म्हणून कापलेली. पंपाचं इन्सुलेशन गेलं की सगळी बॉडी जिवंत होते. पाणी भरताना कूलर नुसता बटणाने बंद करू नका, प्लग काढा. बटण न्यूट्रलवर लावलेलं असलं तर बंद कूलरमध्येही फेज उभा असतो. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, दोन-तीन हजारांत काम होतं आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबून पाहा. अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात पाणी टाका. आपल्याकडच्या काळ्या मातीला भेगा पडल्या की ते अर्थिंग नावापुरतंच राहतं. आणि शॉक लागत नसला तरी झिरपणारी वीज मीटरवर चढतेच. पंपातून एक अँपिअर जरी जमिनीत गेला तरी दिवसरात्र मिळून साडेपाच युनिट होतात. आरसीसीबी लावल्यावर ती सारखी पडू लागली तर ती खराब नाही, तुमच्या घरात गळती आहे. ती काढून टाकायला सांगणारा वायरमन बदला.

अजून एक छोटं: स्मार्ट मीटर तुमचा सर्वाधिक लोडही नोंदवतं. मंजूर भार एक किलोवॅट आणि कूलर, पंप, गीझर एकाच वेळी, असं चालत असेल तर कोणी दंडाची भीती घालेल. मीटर लागायच्या आधीच्या काळासाठी या नोंदीवरून दंड लावता येत नाही, आणि एका आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मंजूर भार ओलांडला तरच तो वाढवण्याचा प्रश्न येतो. हे २०२३ च्या नियमदुरुस्तीत आहे.

तर तुमच्या अर्जात या गोष्टी येऊ द्या: ग्राहक क्रमांक, जुन्या आणि नव्या मीटरचे क्रमांक, मीटर बदलल्याची तारीख, जुन्याचं शेवटचं रीडिंग किंवा ते मिळालं नाही ही तक्रार, मागच्या वर्षीच्या एप्रिल-मेचे युनिट, तपासणी मीटरची मागणी, आणि निषेध नोंदवून किती रक्कम भरता आहात ते. सोबत १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तोही अर्जात लिहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण तेवढी वाट बघू नका. मंचाचा निकाल पटला नाही तर पुढे विद्युत लोकपाल, आणि त्यांचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. दोन्हीकडे तुम्ही स्वतः बोलू शकता, वकील लागत नाही.

तपासणी मीटर लागलं तर एक काळजी घ्या. ते जूनमध्ये बसेल, म्हणजे तीन महिने पावसाळ्याचे. कूलर माळ्यावर गेलेले, युनिट आपोआप दीडशेवर आलेले, आणि वस्तीत बोंब होईल की दुसरं मीटर लावताच पहिलं सुधारलं. बिल कमी झालं का हे त्या वेळी बघू नका. रोज किंवा आठवड्यातून एका ठरावीक वेळी दोन्ही मीटरचं रीडिंग लिहून ठेवा आणि दोघांचे युनिट एकाच काळाचे ताडून पाहा. शंभर युनिटांत एक-दोनचा फरक असेल तर सोडून द्या. दहाचा असेल तर तोच कागद मंचापुढे ठेवा.